माझ्या नावावरचा ट्रॅक्टर

क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं की ते बंद होतं, असं मी समजत होतो. चार तुकडे केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि विषय संपवला. बँकेला कळवावं लागतं हे मला सुचलंही नाही.

ते कार्ड मी घेतलं होतं तेही फुकटात मिळणाऱ्या प्रवासी बॅगेसाठी. आयटीतल्या नोकरीची नवी नवलाई होती. कंपनीच्या कँटीनबाहेर टाय लावलेला एक गृहस्थ टेबल मांडून बसायचा आणि आम्ही, शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली माणसं, बॅगेसाठी त्याच्यापुढे रांग लावायचो. "आजन्म मोफत, सर," असं तो म्हणाला होता. बॅगेची चेन पहिल्याच दिवाळीत तुटली. बॅगेवरचा राग मी कार्डावर काढला.

पुढे लग्न झालं. नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि बायको वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवायला जायची. दोन बस बदलून, बहुतेक वेळा उभ्याने. संध्याकाळी ती घरात शिरली की चहा पुढे करून मी बाजूला सरकायचो. बोलायची प्राज्ञा नव्हती. शेवटी तिच्या कॉलेजापासून चालत जाण्याजोगा एक फ्लॅट सापडला. आम्ही बयाणा दिला. बिल्डर म्हणाला, "गणपती बसायच्या आत कर्जमंजुरीचं पत्र आणा. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." बिल्डरकडे ते कायमच उभं असतं, त्याला बसायला कोणी सांगत नाही. पण घाबरायचं काम आम्ही चोख केलं.

बँकेच्या कर्जविभागात एक बाई होत्या. त्यांनी संगणकात डोकावून सांगितलं, "तुमचा क्रेडिट स्कोअर थोडा कमी पडतोय. रिपोर्ट मागवून घ्या. त्यात चूक असेल तर दुरुस्त करून या."

चूक! मला एकदम स्फुरण चढलं. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मी सॉफ्टवेअर टेस्टर. अमेरिकेतल्या बँकांच्या प्रोग्राममधल्या चुका हिंजवडीत बसून शोधायच्या आणि त्या सापडल्या की दिवसभर सगळ्यांशी तुसडेपणाने वागायचं, एवढंच मला येत होतं.

पैसे भरून रिपोर्ट मागवला. नाव माझं, वडिलांचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, जन्मतारीख एक जून. खाली मात्र दोन पत्ते. एक आमचा, दुसरा शिरूर तालुक्यातल्या एका गावाचा. आणि त्याच्याखाली ट्रॅक्टरचं कर्ज. ट्रॅक्टर मी आयुष्यात फक्त रस्त्यात आडवा आलेला पाहिला होता.

"सापडली!" मी ओरडलो.

कारणही लगेच ध्यानात आलं. माझा जन्म ऐन थंडीतला, असं आई सांगते. पण वर्ध्याकडच्या आमच्या गावात शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणाला सांगता आली नाही की गुरुजी बिनदिक्कत एक जून लिहीत. महाराष्ट्रभरच्या गुरुजींचं यावर एकमत होतं. शिरूरच्या त्या गृहस्थांनाही त्यांच्या गुरुजींनी जूनमध्येच जन्माला घातलं असणार. नाव एक, तारीख एक, म्हणून सगळ्यांच्या कर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या, हे रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीच्या संगणकाने आम्हा दोघांना एकाच माणसात कोंबलं.

"अहो, पुढची पानं वाचलीत का?" बायकोने विचारलं.

"मुख्य चूक सापडल्यावर पुढे वाचत नाहीत," मी म्हणालो. "आमच्या क्षेत्रात तशी पद्धत आहे."

अशी पद्धत कुठल्याही क्षेत्रात नाही.

रिपोर्टात त्या गृहस्थांचा फोन नंबरही छापलेला होता. मी लावला आणि साहेबी आवाजात विचारलं, "ट्रॅक्टर तुमचा का?"

"माझाच हाय. का, घ्यायचाय व्हय?"

"हप्ते भरता का त्याचे?"

"येक चुकला न्हाय आजवर. आपन कोन?"

"तुमच्याच नावाचा आहे मी. तुमच्या ट्रॅक्टरमुळे माझं कर्ज अडलंय."

"आक्रीतच म्हनायचं! हिकडं बँकवाला मला म्हनतोय, तुमचं पुन्यात कार्ड थकलंय. म्या म्हनलं, कंचं? रेशनचं का?"

फोन ठेवून मी पोट धरून हसलो. "बघ," बायकोला म्हणालो, "क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही आणि कर्ज काढायला निघाले."

ती हसली नाही. "पण त्यांचं पुण्यात कुठलं कार्ड थकलं असेल?"

"असेल एखादं," मी म्हणालो आणि तक्रार लिहायला बसलो.

तक्रार मी ऑफिसात लिहितो तशीच लिहिली. दोषाचं स्वरूप: अतिगंभीर. ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्यांनी 'हा माणूस आमचा नव्हे' असं कळवल्याशिवाय रिपोर्ट बदलत नाही, म्हणून त्यांना आणि रिपोर्टवाल्या कंपनीला रोज एकेक खोचक मेल धाडला. श्रावण निम्मा सरला तेव्हा एकदाचा ट्रॅक्टर माझ्या नावावरून उतरला. मी पाव किलो आंबा बर्फी घेतली, बायकोला रजा टाकायला लावली आणि आम्ही बँकेत गेलो.

बाईंनी बर्फी तोंडात टाकली, संगणकात पाहिलं आणि त्यांचं चावणं थांबलं.

"काय दुरुस्त करून आलात?"

"ट्रॅक्टर काढला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझा नव्हता तो!"

"नव्हता ना. पण चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं तुमच्या रिपोर्टात. सगळे हप्ते वेळच्या वेळी. आता त्यात फक्त तुम्ही उरलात."

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. माझं ते 'आजन्म मोफत' कार्ड. वर्षाची फी, ती न भरल्याचा दंड, दंडावर व्याज, आणि हे सगळं दर महिन्याला बाळसं धरत आलेलं.

"ते तर मी कापलं होतं!"

"कशाने?"

"कात्रीने."

शेजारच्या टेबलावर कोणाला तरी ठसका लागला. बायको पंख्याकडे बघत होती.

मी सावरून म्हटलं, "निम्म्यात मिटवून टाकतो त्यांच्याशी."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या. "तडजोड केली अशी नोंद होते आणि ती वर्षानुवर्षं जात नाही. सगळे पैसे भरा, काही बाकी नाही असं पत्र घ्या, मग नोंद बदलून घ्या."

सगळे भरले. तेवढ्या पैशांत लक्ष्मी रोडवरच्या दुकानातून घरातल्या प्रत्येकाला एकेक बॅग आली असती, पाहुण्यांनासुद्धा. पत्र मिळालं, पण नोंद बदलायला आणखी महिना-दीड महिना लागणार होता आणि पेठेत गणपतीच्या मांडवांसाठी वासे येऊन पडायला सुरुवात झाली होती. माझ्या तक्रारीने भलं झालं ते शिरूरकडच्या गृहस्थांचं. त्यांच्या माथ्यावरचं माझं कार्ड गेलं.

पत्र दाखवायला आम्ही पुन्हा बँकेत गेलो तेव्हा बायकोने विचारलं, "मीच अर्ज केला तर?"

बाईंनी तिचं नाव घालून पाहिलं. हप्त्यावर घेतलेला फ्रिज, एकही हप्ता चुकलेला नाही, कॉलेजातली कायम नोकरी. "उत्तम आहे की! दोन दिवसांत मंजुरी होईल," त्या म्हणाल्या. "हे पहिल्याच दिवशी का नाही सुचवलंत?"

"यांना चूक सापडली होती ना," बायको म्हणाली.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी अर्जाची कागदपत्रं टेबलावर आली. पहिली अर्जदार ती, तिच्याखाली मी. सवयीने मी पेन काढलं, पानं पुढे ओढली आणि म्हणालो, "इथे मला जरा एक शंका..."

बाईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतले, बायकोपुढे ठेवले आणि शेवटच्या पानावरच्या फुलीवर बोट टेकवत मला सांगितलं,

"तुम्ही इथे फक्त सही करा. वाचायचं काम त्यांना करू द्या."