भर दुपारी बनाबाई कोणासंगं वाचते

हे मी लिहिणारच नव्हती. टाईप केलं अन् पुसलं, परत टाईप केलं अन् परत पुसलं. माही मैत्रीण पूनम म्हणे, "नको देऊ बे अंकात, लोकं म्हणतीन समतीले ऊन लागलं." लागलं त लागलं. आज दुपारी प्रार्थनामंदिरात जे झालं ते नाही सांगितलं त माह्या छातीत अडकून राहीन. अजून हाताचे केस उभे आहेत. भराभर लिहून राह्यली, चुका पाहू नका.

आपल्या चर्चच्या मंडळीचा हा अंक पुण्याले जाते, नाशिकले जाते, म्हणून आधी बनाबाई कोण ते सांगते. नांदुऱ्यात रेल्वे लाईनच्या पलीकडं आपलं जुनं प्रार्थनामंदिर आहे ना, कौलाचं, त्याच्या मागच्या खोलीत ती एकटी राह्यते. झाडते, बाकं पुसते, घंटा वाजवते. मी तिले मावशी म्हणते. तिचं सगळं आयुष्य जिनात गेलं. कापसातली सरकी काढायचा कारखाना, तिथं बायांच्या रांगेत बसून कापसातला कचरा वेचायचं काम. पाला, काड्या, बोंडाचे तुकडे. दिवसभर समोर पांढरंच पांढरं. घरी येऊन डोळे मिटले तरी पांढरंच दिसे, असं ती सांगे.

अन् मी? मले सगळ्याचाच कंटाळा आलता. कॉलेजचा, मोबाईलचा, आईच्या भेंडीचा, रविवारच्या उपासनेचा त लयच. सकाळी डोळे उघडले का वाटे, हा दिवस कोणीतरी आधीच वापरून माह्या अंगावर टाकला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं काम लावलं. बनामावशीचा गळा बसला होता, पोळी गिळत नव्हती, तिले पातळ खिचडीचा डबा नेऊन द्यायचा. दुपारीच. नांदुऱ्याची मे महिन्यातली दुपार तुम्हाले माहीत आहे. गल्लीत कुत्रं नसते. पत्रे कडकड वाजतेत अन् आपल्याच चपलीचा आवाज मागून येऊन राह्यला असं वाटते.

पहिल्या दिवशी मी फाटकातून आत गेली त मंदिरातून वाचायचा आवाज येत होता. बसलेला, खरखरीत. बनामावशी स्तोत्र वाचून राह्यली होती. एक ओळ वाचली अन् चूप. मले वाटलं ठसका लागला. मंग पुढची ओळ. परत चूप. ती चूप साधी नव्हती. कशी सांगू? वर्गात सर आले का सगळे पोट्टे एकदम शांत होतेत, तशी. माणसं असलेली.

म्या खिडकीतून पाह्यलं. सगळी बाकं रिकामी. बनामावशी पुढं उभी, चष्मा नाकावर, अन् पुरुषांच्या बाजूच्या एका बाकाकडं पाहून म्हणते,

"इंद्रभान, घाई नको ना करू बाप्पा! सगळ्यायच्या संगं वाच. कोन्ती गाडी पकडाची हाय तुले?"

अन् हसली.

इंद्रभानकाका जिनात फिटर होते. कोरोनात वारले. त्यायच्या मातीले मी होती.

तरी मी पळाली नाही, डबा धरून खिडकीशीच उभी राह्यली. ती बाहेर आली, मले पाह्यलं, डबा उघडून वास घेतला.

"तुही माय आजबी मीठ इसरली वाट्टे."

"मावशी, कोणासंगं बोलत होती तू?"

"मंडळीसंगं."

"कोणती मंडळी? आत त कोणीच नाही!"

"मंग तू काऊन घाबरली?" असं म्हणून ती खिचडी खायले बसली.

घरी येऊन पूनमले फोन केला. ती म्हणे, "भूत हाय ते. माह्या आजोबाच्या वावरातबी होतं. उद्या जाऊ नको." अन् गंमत पाहा, दुसऱ्या दिवशी मी आईच्या आधी उठून विचारलं, डबा कधी करशील. कितीक महिन्यांनी मले कशाची तरी वाट पाहावीशी वाटली, अन् ती भुताची!

मंग हळूहळू कळलं. आपल्या उपासनेत आळीपाळीचं वाचन असते ना, पुढं उभा असलेला एक ओळ वाचते अन् बाकांवरचे सगळे मिळून दुसरी. बनामावशी रोज दुपारी तेच करे. फक्त बाकांवर कोणी नसे. ती आपली ओळ वाचे अन् मंडळीच्या ओळीले जेवढा वेळ लागते तेवढा वेळ थांबे. घाई नाही. पूर्ण ओळ होऊ दे. मंग पुढची.

म्या भीत भीत विचारलं, "मेलेल्या माणसांले बोलवतं का तू?"

"हट् बयताड! मेलेल्यायले कोन बोलावते? पाळकसाहेबाले समजलं त मंदिराची चाबी काढून घेतीन माही." मंग बाकावरची धूळ पुसत पुसत म्हणे, "कोणी प्रभूपाशी गेले, कोणी पुन्याले गेले. वाचत त असतीनच ना जिथी हायेत तिथी? म्या वाचाले उभी राह्यली अन् त्यायची ओळबी मीच वाचून टाकली, त त्यायची जागा खाल्ली म्या. मी जागा सोडते, बस."

"पण तू त इंद्रभानकाकाले रागावली!"

"हाव, त तो घाईच करे नेहमी. सगळ्यायच्या आंधी आमेन त्याचंच." अन् जरा थांबून, "अजूनबी करते."

असं ती म्हणे ना, त मले मागं वळून पाहायची हिंमत होत नसे.

रोज एक बाक ती घासून पुसे. ते ज्याचं, तो दिवस त्याचा. माणूस असला त त्याले फोन. नंबर मीच लावून देत होती. तुमच्यापैकी कितीकायले तिचा फोन आला असन अन् तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवला असन. मले सगळं माहीत आहे. ती फोन ठेवून म्हणे, "आवाज त चांगला हाय त्याचा. देवा, तुही कृपा." बस, तेवढ्यानं खूश. माणूस नसला त त्याच्या आवडीचं एखादं काम. इंद्रभानकाकाच्या दिवशी घंटेच्या कड्याले तेल.

एकदा म्या डायरेक्ट विचारलं, "मावशी, जिनात इतके वर्ष तोच तोच कापूस. कंटाळा नाही आला?"

"येत नाही त काय! रडू ये मले. एक दिवस म्या प्रभूले म्हटलं, बाबा, तुले दररोज तेच सूर्य उगवाचं काम, तुले कंटाळा येत नाही का? मंग मलेच लाज वाटली. तवापासून एकेक मूठ एकेकाच्या नावानं केली. ही मूठ झुंबरबाईच्या पोराची, पेपर हाय त्याचा. ही माह्या सासूची. मुकादम लय भुंके आमच्यावर, त्याच्यासाठी दोन मुठी. कापूस तोच, पन मानूस येगळा. मंग कंटाळा बसन कोठी?"

झुंबरबाई म्हणजे जिनात तिच्या समोर बसणारी मैत्रीण, तीही आता नाही. अन् इथंच मले तिच्या त्या चूप राहण्याचा उलगडा झाला. जिनात मशीन सुरू झाली का एवढा आवाज, का कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बाया नुसत्या ओठांनी बोलत. आवाज नाहीच काढायचा. समोरचीनं ओठ पाहून समजायचं. सासूच्या तक्रारी, भाजीचा भाव, सगळं ओठावर. अन् ह्या दोघी मशीनच्या त्या गोंगाटात आळीपाळीचं वाचनही करत. बनाबाईचे ओठ हलत, मंग झुंबरबाईचे. कोणाले काही ऐकू नाही. तिले उत्तर न ऐकता ऐकायची सवय तिथलीच.

तिनं मलेही शिकवलं. दुपारी बाकावर समोरासमोर बसून. ती ओठ हलवे, मी ओळखायची. पहिलं वाक्य मी ओळखलं ते "तुह्या नाकाले हळद लागली" हे होतं. खरंच लागली होती.

मंग गळ्याचं निघालं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गाठ खराब आहे, आवाजाची पेटीच काढावी लागीन. जीव वाचीन, आवाज नाही.

मले वाटलं ती मरणाले भ्यायली. संध्याकाळी गेली त ती पहिल्या बाकावर बसलेली, हात मांडीत, अन् खरंच भ्यायलेली.

"जिवाचं नाही वं, समता," ती म्हणे. "ते सगळे उत्तर देतेत. त्यायची ओळ दुसरी. पहिली ओळ माही. माहा आवाज गेला त सुरुवात कोन करन? मी चूप अन् तेबी चूप. मंग हे नुसतं बंद घर होईन. पाली राहातीन अठी."

मी नुसती रडली. मी त जाहिरात पाहूनही रडते.

ती अकोल्याले होती तेव्हा एका दुपारी मी मंदिर झाडायले गेली. झाडलं, बसली, तिच्यासारखं चूप राह्यली. अन् खरं सांगते, एवढे दिवस त्या जागेची भीती वाटे, पण त्या दिवशी जी वाटली ती वेगळीच. कारण आता तिथं काहीच नव्हतं. कोणी नव्हतं. लाकूड होतं नुसतं. मालगाडी गेली, खिडक्या थरथरल्या, अन् थांबल्या. मी कुलूप लावून पळाली.

अन् आज.

ती परवा आली. गळ्याले छिद्र, वरून पांढरं फडकं. लय वाळली. आई म्हणे, डबा दे अन् लगेच ये, तिले झोपू दे. मी फाटकात पोचली त घंटा वाजली. भर दुपारी. ती पुढं उभी होती, पुस्तक उघडून.

मी बायांच्या बाजूले बसली. तिनं तोंड उघडलं. आवाज नाही. फडक्याखालून नुसती हवा, भात्यासारखी फस्स. तिनं परत केलं. परत फस्स. मंग तिनं डोळे मिटले अन् पुस्तक बंद करायले हात नेला. मले वाटलं, संपलं. आता हे बंद घर. मी उठणारच होती.

तेवढ्यात तिनं डोळे उघडले अन् थेट माह्याकडं पाह्यलं. पुस्तक तसंच उघडं. अन् तिचे ओठ हलले. हळू, मोठे मोठे, मशीनसमोर बसल्यासारखे.

पहिली ओळ मले दिसली. पूर्ण. एकेक शब्द.

मंग ती थांबली. बाकांची पाळी आली. म्या दुसरी ओळ वाचली. मोठ्यानं. माहाच आवाज मले अनोळखी वाटला. तिचे ओठ परत हलले. म्या परत उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी, मी वाचून राह्यली अन् डावीकडून, पुरुषांच्या बाजूनं, कोणीतरी तीच ओळ वाचून राह्यलं होतं. माह्या अर्धा शब्द पुढं. घाईघाईत.

म्या मान वळवली नाही. देवाशपथ नाही वळवली. पुस्तकातलं अक्षर गच्च धरून ठेवलं डोळ्यांनी. ओळ संपल्यावर वर पाह्यलं त बनामावशी तिकडं पाहत होती, बोट हलवत. तिच्या ओठांवर काय होतं ते मले ओळखू आलं.

घाई नको ना करू बाप्पा.

अन् ती हसली, बिनआवाजाची, खांदे हलवत. मी घाबरली होती अन् हसतही होती अन् डोळ्यांतून पाणी. आम्ही पूर्ण स्तोत्र वाचलं.

पूनम म्हणते भिंतीचा घुमारा आहे. असन. मी वाद नाही घालत. मले अजूनही कंटाळा येते, भांडे घासताना त लयच, पण आता एकेक भांडं एकेकाचं करते अन् कधी आटपते समजत नाही. पूनमच्या नावानं कढई. तिले सांगू नका.

आता असं आहे, सुट्टी संपली का मी संभाजीनगरले शिकायले जाऊन राह्यली. ओठांच्या बोलीले समोर कोणीतरी पाहणारं लागते. तुमच्यातले कितीक जण ह्याच बाकांवर लहानाचे मोठे झाले. तुम्ही या. फोन नको, तिले आता फोनवर बोलता येत नाही. लवकर या, मी जायच्या आधी, म्हणजे ओठ वाचायचे मी शिकवते. दुपारी या. ज्याचं जे बाक होतं तिथंच बसा, ती पुसून ठेवते. अन् वाचताना घाई करू नका. घाई करणारा तिथं एक आहेच.