साडूचं सिलोन आन माझी दोन बोटं

अख्ख्या सोलापुरात सिलोन बेट माझ्याएवढं कुनाला ठावं न्हाय. तितं वारा कवा सुटतो, हत्ती नदीत कुठल्या कुशीवर पडतो, समदं मला तोंडपाठ. फकस्त माझा सोताचा पाय कुर्डूवाडीच्या पलीकडं कवा पडला न्हाय. तितं गेलं हुतं ते आमचं साडू, म्हंजे माझ्या बायकुच्या थोरल्या भनीचं मालक. आन त्यांच्यासारखा परवास केलेला मानूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा न्हाय, कारन बाकीची मानसं जात्यात आन परत येत्यात. साडू चार म्हयनं गेलं, आन आठ वरसं झाली तरी परत आलं न्हवतं. त्यांचा देह तेवढा हितं मागावर बसून चादरी विनायचा.

झालं असं की पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं चादरीचं गठ्ठं घिऊन कोलंबोला दुकान मांडलं, आन चादर कशी विनत्यात ते गिऱ्हाइकाला दावायला साडूला संगं नेलं. धनुष्कोडीपतोर आगगाडी, तितनं पुढं आगबोट. परत आलं ते ताडाच्या पानाची टोपी घालूनच, आन तवापासनं ती टोपी फकस्त देवळात आन न्हाव्याम्होरं उतरली. चैतात सोलापूर भाजून निघतंय, मानसं भितीच्या सावलीला चिकटून चालत्यात, आन ह्यो गडी रस्त्याच्या मधनं छाती काडून चालायचा. मी म्हनायचो, "दादा, ऊन हाय की." तर म्हनायचं, "ह्याला ऊन म्हनत्यात व्हय? तितलं ऊन वलं असतंय, पाव्हनं. अंगावर बसतंय, चावत न्हाय." हाटेलात गेलं की कपबशी नाकाला लावून डोळं मिटायचं आन म्हनायचं, "ह्यो च्या सपाटीवरचा हाय. डोंगरावरचा न्हाय." हाटेलवाला बिचारा रोज इचारायचा, "पीते क्या चढते जी?" आन च्याचं पैसं मी द्यायचो, कारन डोंगर मलाबी आयकायचा आसायचा.

त्या बेटावर त्यांच्या आवडीच्या सात जागा हुत्या. सगळ्या बोटावर मोजून सांगायचं, पर मोजायची तऱ्हा अशी की उजव्या हातात बिडी, म्हनून डाव्या हाताची पाच बोटं सोताची आन उरलेली दोन माझी. अंगठा म्हंजी कोलंबोचा समुद्रकाठ. तितं दिस कलला की सायबापासनं हमालापतोर समदी एका रांगंत बसून वारं खात्यात, आन वाऱ्याला कुनी जात इचारत न्हाय. दुसरं बोट हत्तीची नदी. हत्ती कुशीवर पडतोय आन मानसं त्याला नारळाच्या शेंडीनं घासत्यात. तिसरं च्याचं मळं, ढगाच्या वर. तितं थंडी वाजली म्हनून साडूनं नमुन्याची चादर पांघरली, तर एका सायबानं ती अंगावरनंच इकत घेतली. ह्या बोटापाशी ते दर टायमाला शहारायचं, आठ वरसं झाली तरी. चौथं दालचिनीची बाग. करंगळी म्हंजी एक उंच डोंगर, त्याच्या टोकाला दगडावर पाऊल उमटलंय. ह्यो म्हनतो माझ्या देवाचं, त्यो म्हनतो माझ्या. मी इचारलं, "मग खरं कुनाचं हो?" तर म्हनलं, "चढून ज्याचं पाय दुखत्यात त्याचं." मंग माझं पयलं बोट धरायचं. ते डोंगरातलं तळं. बेटाच्या पोटात तळं, आन तळ्याच्या पोटात आनिक एक बेट.

आन सातवी जागा आली की माझं दुसरं बोट घट्ट धरून गप बसायचं. बिडी इझायची, पर बोट सुटायचं न्हाय. "सांगा की," मी म्हनायचो. "ही जागा हिला दावल्याबिगर न्हाय सांगायची." आठ वरसं माझं ते बोट फुकट आवळलं गेलं. नीट बघितलं तर आज ते बाकीच्यापरीस जरा लांब हाय.

ही म्हंजी आक्का, साडूची मंडळी. आक्का आन माझी बायकू सांगोल्याकडच्या. त्यांच्या गावात खोल पानी म्हंजी हंड्यातलं. यंदा त्यो व्यापारी परत निघाला आन साडूला म्हनला, "चल, मंडळीलाबी घे संगं." साडूनं घरी यिऊन तोंड उघडायच्या आतच आक्का म्हनली, "मी आगबोटीत पाय ठेवनार न्हाय. खाली जमीन दिसली पायजे." साडू म्हनलं, "तू न्हाय तर मीबी न्हाय." मला वाटलं, मिटलं. तर दुसऱ्या दिशी माझ्याकडं यिऊन म्हनलं, "पाव्हनं, दिवाळीपतोर तिला पान्याची सवं लावायची. माग एकदा हातात घेतला की चादर पुरी करूनच उठायचं, आपलं काम असं हाय."

पयले आठ दिस आक्काला परातीत पाय सोडून बसवलं. ती म्हनली, "बरं वाटतंय, टाचा मऊ झाल्या." मग आगबोट हालती म्हनून झोपाळ्यावर बसवलं, हातात लिंबू दिलं आन झोकं द्यायला मला लावलं. आक्का लिंबू चोखत खुशाल बसली. उलटी मला झाली, मी नुसता झोकं देत हुतो. तरी साडूनं हट्ट सोडला न्हाय. म्हनलं, आता खरंखुरं पानी.

हिप्परग्याच्या तलावात मधी एक टेकाड हाय, पानी वसरलं की उघडं पडतंय. तितं जायला काहील. काहील म्हंजी गुळाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं तिच्यातच बसून पानी वलांडत्यात. काठावरच्या म्हाताऱ्या कोळ्यानं इचारलं, "पोवायला कुनाला येतंय?" मी छातीवर हात मारला. खरं तर मला बुडायला येतंय, तेबी कुनी धरलं तर. कोळी म्हनला, "गोल बसा. कुनी हुबं ऱ्हायाचं न्हाय." आक्कानं डोळं मिटलं, साडूचा हात धरला, आन बसली. तिच्या व्हटाचा रंग उडाला हुता. साडू एकसारखं म्हनत हुतं, "आलंच, आलंच." ती आज भिऊन माघारी फिरली असती तर आठ वरसांचं बोट तसंच ऱ्हायलं असतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत हुतं.

निम्म्या पान्यात माझ्या पायाला गार लागलं. मी वरडलो, "भोक पडलं!" आन हुबा ऱ्हायलो. भोक कसलं, प्यायला घेतलेला माझाच तांब्या कलंडला हुता. पर मी हुबा ऱ्हायलो तशी काहील कलली आन तलाव आत आला. कोळ्यानं शिवी हासडली. साडूची टोपी पान्यात गेली. तेवढ्यात कुनीतरी माझं धोतर धरून मला असं खाली खेचलं की मी बुडावर आपटलो. ती आक्का! डोळं टक्क उघडं, माझाच तांब्या घिऊन भराभरा पानी उपसती, आन तोंडानं, "बसा! बसा म्हनते न्हवं! अवो, तुमीबी ओंजळीनं काडा की, टोपी काय बघताय!"

टेकाडावर उतरलो तवा तिच्या ध्यानात आलं की चारी बाजूला पानी हाय. ती बघत ऱ्हायली. साडूनं बोडक्या डोक्यानं तिला बेट दावलं. बाभळी म्हंजी नारळ, डुंबनाऱ्या म्हशी म्हंजी हत्ती, चिखलाचा उंचवटा म्हंजी च्याचा डोंगर. डाव्या हाताची पाच बोटं सपली तसं सवंनं त्यांनी माझ्याकडं हात केला. तर मधीच आक्कानं आपलं बोट म्होरं केलं. तळं मोजून झालं. मग तिनं दुसरं बोट दिलं.

साडूनं ते घट्ट धरलं. मग म्हनलं, "बंदराच्या कडंला एक दगड हाय. धक्क्यावरचा. दुपारी मी तितं भाकर खायाचो, उत्तरंकडं तोंड करून. मधी समदं पानी. वाटायचं, ह्या दगडावर ही बसली असती तर मला पल्याडचं आठवलं नसतं, बेटच दिसलं असतं. तेवढी एक जागा मी अजून नीट बघितली न्हाय."

आक्कानं बोट सोडवून घेतलं न्हाय. म्हनली, "आगबोट ह्या काहिलीपरीस मोठी असती न्हवं?"

"लई मोठी."

"मग जाऊ की. टोपी तेवढी नवी घ्या."

परतताना कोळी माझ्याकडं बोट करून म्हनला, "ह्यो बसला तर मी नेत न्हाय. आदी जोडपं सोडतो, मंग ह्याला." काहील निघाली. मी टेकाडावर एकलाच, म्हशीसंगं. एक दगड बघून त्याच्यावर बसलो, तोंड आपसूक त्यांच्याकडंच झालं. दोघं पाठमोरी, जवळ जवळ बसलेली, ल्हान ल्हान हुत चालली. माझी दोन्ही बोटं मोकळी हुती, आन मोकळ्या बोटांचं काय करायचं ते मला सुचंना. न ऱ्हावून मी हुबा ऱ्हायलो आन हाक मारली, "आक्का! मलाबी न्या की सिलोनला!"

पान्यावरनं आक्काचा आवाज खनखनीत आला.

"पाव्हनं, आदी खाली बसायला शिका!"