मोहरी मागणाऱ्या बाईची गोष्ट

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आईला एकच गोष्ट ऐकवायचा. मूल गेलेली बाई बुद्धांकडे औषध मागते. ते म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही, तिथून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरून रिकाम्या हाताने परत येते. आम्ही बौद्ध, म्हणून शनिवार पेठेतल्या शेजाऱ्यांना हीच सुचायची. माझं डोकं फिरायचं. ही गोष्ट आम्हाला लहानपणी आईनेच तर सांगितली होती!

वरच्या मजल्यावरचे काका आले, त्यांनीही मोहरी काढली. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती बाई दारोदार विचारते ना? मग मीही विचारते. तुमच्याकडे कोण गेलं, भाऊ?”

काका म्हणाले, “मुलगी. सहा वर्षांची होती.”

इतकी वर्षं एकच जिना वापरून आम्हाला हे ठाऊक नव्हतं. काका रडू लागले, आई त्यांना पाणी देत होती. कोण कुणाचं सांत्वन करतंय, मला कळेना.

ते गेल्यावर आईने स्वतःहून ताट मागितलं. मी म्हणालो, “म्हणजे गोष्ट लागू पडली म्हणायची.”

“गोष्टीचं काय घेऊन बसलास,” ती म्हणाली. “पोरीचं नाव विचारायचं राहिलं.”