दोष आधी सांगणाऱ्या सासूबाई

आमच्या सासूबाई भाड्याच्या जागा मिळवून देणाऱ्या एजंट आहेत, आणि धंदा कसा करू नये हे ज्याला शिकायचं असेल त्याने त्यांच्याकडे जावं. खोली दाखवायला नेलं की कुलूप काढायच्या आधीच सुरुवात. "संध्याकाळी नळाला पाणी बारीक येतं. मोरीकडच्या भिंतीला ओल आहे. वरचे लोक उठसूट खुर्च्या सरकवतात." ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की मग हळूच, "पण वारा छान येतो." भाडेकरूंचे दोषही मालकांना असेच सांगून टाकतात. सासरे म्हणायचे, हिच्या जिभेपायी आपण उपाशी मरणार. मेलो नाही, कारण बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे मालकांना ठाऊक होतं.

तरी एका जोडीपुढे त्यांनी हात टेकले होते. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करणारी बाई आणि तिची म्हातारी आई. राहती इमारत पाडायला काढली तेव्हापासून दोघी बस स्टँडवर होत्या. अंघोळ लाँड्रीच्या मोरीत, झोप बाकावर. लहानशा खोलीचं भाडं परवडेल एवढा पगार होता, पण दरवेळी एकाच प्रश्नाशी घोडं अडायचं. सध्या राहतात कुठे? सासूबाई खरं सांगायच्या आणि मालक नाही म्हणायचे.

शेवटी उरल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची घरामागची खोली रिकामी होती. फोनवर त्यांनीही तेच विचारलं. सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "आई, तुम्ही चक्क खोटं बोललात?"

"संध्याकाळपर्यंत खरं होईल. आतली खोली रिकामी कर."

आतली खोली म्हणजे माझं शिलाई मशीन, माझं कपाट आणि या घरात मला रुसायला असलेली एकमेव जागा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी भांडी आपटली, नवऱ्याला फैलावर घेतलं. पण संध्याकाळी दोघी दोन पिशव्या घेऊन दारात आल्या, आणि म्हातारी पिशवी कुठे ठेवू, कुठे ठेवू करत तिथेच घुटमळत राहिली. तिला काय बोलणार?

म्हातारी रात्रभर खोकायची आणि दिवसभर पंख्यावरून सासूबाईंशी हुज्जत घालायची. लेकीला रिकामं बसवत नसे. तिने घरातल्या फडक्यांनाही इस्त्री केली. माझा नवरा कडक घडीचे पायजमे घालून घरात मिरवू लागला.

आणि एका दुपारी मुख्याध्यापिका न सांगता दोघींना बघायला आल्या. लेक लाँड्रीत होती. बाईंनी म्हातारीला सरळ विचारलं, "इथे कधीपासून राहता?"

"गेल्या सोमवारपासून," म्हातारी म्हणाली. "त्याआधी बस स्टँडवर होतो."

खोली तर गेलीच, आणि सासूबाईंचा आजवर जपलेला शब्दही गेला. त्या मात्र खाली मान घालून म्हणाल्या, "तुमचा फोन ठेवल्यावर आणलं मी यांना. चुकलं माझं. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही बघायलाही आला नसतात."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरात राहताहेत. तुम्ही सांगा, कशा आहेत?"

मी एवढे दिवस भरलेलीच होते. "म्हातारी रात्रभर खोकते, झोपू देत नाही. पंखा बंद करते. लेक दिसेल त्याला इस्त्री करते, नको म्हटलं तरी ऐकत नाही." म्हातारी माझ्याकडे बघत होती. "पण बाई, काल मला ताप होता, तर आजी माझ्या उशाशी बसून होत्या. माझी खोली मला परत हवी आहे. पण या परत बाकावर गेल्या तर मला झोप लागणार नाही."

मुख्याध्यापिकांनी पर्स उघडून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "खोकल्याचं औषध देऊन पाठवा यांना," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दोष आधी सांगितलेस," त्या म्हणाल्या. मला उगीच रडू आलं.

आता मशीन परत आतल्या खोलीत आहे. पण मी ते भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि दोन गाद्या पसरता येतील एवढी जमीन मोकळी ठेवलीय. बाहेर सासूबाईंचा फोन वाजला की माझे कान तिकडेच असतात.