आतले लव्हाळे

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. धंदा एका जागी बसून करायचा, आणि ही बाई दर दहा मिनिटांनी उठणार. कधी भिजत घातलेल्या काड्या उलथायला, कधी खिडकी उघडायला, नाहीतर दुसरीच्या कामात नाक खुपसायला. तरी टोपली विणावी तर तिनेच, हे तिच्यावर चिडणाऱ्याही कबूल करायच्या.

दर महिन्याला सहलीची बस यायची. पाहुणे सकाळी रखवालदाराबरोबर दलदलीतली पक्ष्यांची घरटी बघत आणि दुपारी बायकांच्या कार्यशाळेत येत. इथल्या टोपल्यांना रास्त मोबदला मिळे, पण एका अटीवर. पक्षी अंडी उबवत असताना लव्हाळे फक्त काठाचे कापायचे, आतल्यांना हात लावायचा नाही. ही अट भिंगरीनेच घालून घेतली होती. गेल्या वर्षी थोरल्या जावेने ती मोडली. भिंगरीने तिची टोपली नुसती चाचपली आणि आतले मऊ लव्हाळे ओळखले. जावेला त्याच दिवशी घरी बसवलं.

आणि या खेपेला काठाचे लव्हाळे वाळून तडातडा मोडायला लागले, मागणी मोठी, तर भिंगरी स्वतःच पहाटे आत शिरली. दोनच भारे, असं स्वतःला बजावत. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. चाचपून ओळखणारे हात दोघींचेच, आणि दुसरी घरी बसलेली. पण तेव्हापासून हिला घास गोड लागेना.

आज बस आली. एक निवृत्त शिक्षिका तिच्यासमोर येऊन टेकल्या.

"सकाळी एक टाकलेलं घरटं पाहिलं हो. चार अंडी, थंडगार. कुणीतरी अगदी जवळचे लव्हाळे कापलेत म्हणे. तुम्ही नियम पाळता, म्हणून मी तुमच्याकडूनच घेणार." त्यांच्या मांडीवर नेमकी आतल्या लव्हाळ्यांची टोपली होती.

भिंगरी उठली, बसली, पुन्हा उठली.

"आणखी कोण असणार?" रंग देणारी बाई कोपऱ्यातून कडाडली. "हिची जाऊ! रखवालदार तिच्याकडेच गेलाय."

"ती टोपली खाली ठेवा," भिंगरी म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते लव्हाळे मी कापलेत. वहिनींचा काही संबंध नाही."

शिक्षिकाबाईंनी टोपली हळूच जमिनीवर ठेवली, आणि तेवढंही भिंगरीला बघवलं नाही. चपला पायात न घालताच ती निघाली.

जाऊ अंगणात धुणं वाळत घालत होती.

"रखवालदार आला होता का, वहिनी?"

"येऊन गेला. मी सांगितलं, मीच कापले."

"अहो, पण कापले मी!"

"ठाऊक आहे. काठ वाळलाय ते मला दिसत नाही होय?"

"मग असं कशाला सांगितलंत? मीच तुम्हाला हाकललं होतं ना?" भिंगरीला रडूच फुटलं.

जावेने चादर झटकून दोरीवर टाकली. "घरी बसणं सोपं नसतं गं. मी वर्षभर बसले, मेले नाही. तू आठवड्यात वेडी झाली असतीस."

भिंगरीला पुढे एक अक्षर ऐकवेना. रखवालदार लांब जायच्या आत त्याला गाठायला ती तशीच अनवाणी पळत सुटली.