साडूंची पडद्यावरची मेंढरं

आमच्या साडूंइतका उदास चेहऱ्याचा माणूस अख्ख्या गारखेड्यात नाही, आणि असलाच तर तो साडूंच्या हाताखाली तयार झालेला असणार. एका बारशाला ते नुसते कोपऱ्यात बसले होते, तर शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "यांच्याकडचं कोण गेलं हो?" हयात भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे कागदावर उतरल्याशिवाय कुठलीच गोष्ट त्यांना खरी वाटत नाही. क्रांती चौकात रिक्षावाल्याला ते पत्ता सांगत नाहीत, काढून देतात, उत्तरेच्या बाणासकट. रिक्षावाला म्हणतो, "चचा, पहले बैठो तो सही." साडू म्हणतात, "आधी बाण कळला का सांग."

असा माणूस निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर गेम बनवतोय, हे बायकोनं तिच्या बहिणीकडून ऐकून मला सांगितलं, तेव्हा मला काळजीच वाटली. गेम तयार करायचं एक आयतं सॉफ्टवेअर त्यांनी मिळवलं होतं. त्यात झाडं, ओढे, माणसं, जनावरं तयार असतात. ती उचलून पडद्यावर मांडायची आणि कोण कोणाला धडकलं की काय व्हावं, एवढं ठरवून द्यायचं. साडूंनी मेंढरं मांडली, एक मेंढपाळ मांडला, एक लांडगा मांडला. दिवसभर चारून मेंढरं घरी आणायची, एवढाच खेळ. पण पहिल्याच दिवशी त्यांचं आणि सॉफ्टवेअरचं वाजलं. सॉफ्टवेअरनं प्रत्येक मेंढीला तीन जीव दिले होते. साडूंनी त्यातले दोन काढून घेतले. "लांडग्यानं नेलेलं मेंढरू परत आलेलं कधी पाह्यलंय का, पाव्हणं?" मग घरी आलेल्या दर मेंढरामागे वाढणारा गुणांचा आकडाही काढला, कारण मेंढरं मोजली की दृष्ट लागते असं त्यांच्या घरात मानतात.

"मग आपण जिंकलो हे कळणार कसं?" मी विचारलं.

"जिंकायचं काय त्यात? दिवस बुडायच्या आत घरी आलं की झालं."

माझं हसून झालं आणि मग मला कळलं की हा गेम कुणासाठी आहे. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावी थोरले भाऊ अंथरुणाला खिळले होते. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. गुडघे गेले, कळप विकावा लागला, आणि विकला त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जे पडले ते कुणाशी बोलेचनात. "दादा मेंढरांमागं गेला म्हणून मी शाळेत गेलो," साडू म्हणाले. "त्यानं एक शब्द बोलावा, बास." त्या एका शब्दासाठी हा माणूस साठीनंतर माऊस धरायला शिकला होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन गेलो आणि खाटेवर ठेवला. दादांनी मोठ्या मुश्किलीनं कूस बदलली आणि उन्हात धरतात तसा कपाळावर हात धरून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"कोनाची मेंढरं ही?"

"तुझीच की, दादा."

"माझी? आरं, सगळी एका तोंडाची! कानतुटी कुठंय? बांडी कुठंय? जलमभर नकाशे काढले आन् मेंढराचं तोंड नाय काढता येत तुला?"

साडूंनी सॉफ्टवेअरमधलं एकच मेंढरू उचलून पुन्हा पुन्हा ठेवलं होतं. मेंढपाळाच्या घरात जन्मून ही चूक करायची तर भरपूर शाळा शिकावी लागते. पण परतीच्या गाडीत साडूंना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. "बोलला, पाव्हणं! लई बोलला! शिव्या बी दिल्या!"

मग दर रविवारी लासूर. दादा एकेक मेंढरू सांगायचे, साडू वहीत उतरवून घ्यायचे, आठवडाभर खपून काढायचे आणि पुढच्या रविवारी दादा ते नापास करायचे. "हिचं शेपूट आखूड व्हतं." कानतुटी चौथ्या खेपेला पास झाली, त्या दिवशी दादांनी उठून बसून भाकरी खाल्ली. सगळ्यात शेवटी बांडी राहिली. "पांढरी. एका डोळ्यावर काळा पट्टा," एवढं सांगून दादा दमून झोपले. त्याच आठवड्यात ते गेले.

तेराव्यानंतर मी गारखेड्याला गेलो, तर साडू पडद्यासमोर बसलेले. "कोनत्या डोळ्यावर, ते इचारायचं राह्यलं," ते म्हणाले. वहिनींना विचारून झालं होतं, पुतण्यांना विचारून झालं होतं, कुणालाच आठवेना. कळप तर केव्हाच पांगलेला. पडद्यावर मेंढरं ओढा ओलांडत होती, आणि सगळ्यात मागे दोन पांढऱ्या मेंढ्या चालल्या होत्या. एकीच्या डाव्या डोळ्यावर पट्टा, दुसरीच्या उजव्या.

"त्यातली एक दादाची हाय, पाव्हणं," साडू म्हणाले. "कोनती ते ठावं नाय. म्हनून दोघींना बी घरी आणतो."