खोटी पडू नको

मेश्रामबाईंवर अन्याय झाला तो त्र्याऐंशी साली, मारबतीच्या मिरवणुकीनंतरच्या सोमवारी, शाळेची प्रार्थना संपता संपता. आमच्या मुलींच्या शाळेतल्या त्या पीटीच्या बाई. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना सांगितलं गेलं. कारण काय, तर त्यांच्या एका विद्यार्थिनीने स्वतःला वाचवलं!

बाई आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये आयकिडो शिकवायच्या. कलकत्त्याला भावाकडे असताना एका जपानी गृहस्थाकडून त्या ते शिकून आल्या होत्या. उंची बेताची, पदर कमरेला खोचलेला. कुणी नमस्कार करायला गेलं की दारातच तिचं मनगट धरायच्या. "सोडव." सुटलात तर आत. रस्त्यावरच्या सायकलवाल्या पोरांनी वर्गाचं नाव ठेवलं होतं बाईकिडो. "ओ बाई, आमाले बी फेका ना!" बाई खिडकीतूनच म्हणायच्या, "ये ना गा, धर हात. पडल्यावर मायले नको सांगजो." एकही कधी आत आला नाही.

आयकिडोत एकीने धरायचं आणि दुसरीने तिचाच जोर वळवून तिला पाडायचं. आम्ही पडलो मैत्रिणी. हात लागायच्या आतच एकमेकींसाठी सतरंजीवर लोळण घ्यायचो. दिसायचं मोठं सुंदर. बाई खवळायच्या. "काहून पडली वं? दया आली तिची? रस्त्यावरचा दया करन का? खोटी पडून तू तिले फसवून राहिली." मग स्वतः येऊन वेणी धरायच्या, चांगली कळ येईपर्यंत. म्हणायच्या, "इथं कोणी मनगट धरत नाही. वेणी धरते, ओढणी धरते, सायकलचं कॅरियर धरते. तो ओढते ना? त ताणू नको. त्याच्याच अंगावर जाय. त्याचा तोल गेला का पळ."

मी एकदा तोंडावरच विचारलं, "बाई, हे खरंच चालतं का? सुरीवाला आला तर?"

"त पळाचं. चौघं आले तरी पळाचं. हे शिकून कोणी पैलवान होत नाही वं. धरल्यावर अंगाचा दगड होते, तो होऊ नये, एवढंच."

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीचे पुतळे मिरवत नेतात तेव्हा इतवारीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आमच्या वर्गातल्या कुंदाची वेणी कुणीतरी मागून धरली आणि तो तिला बोळात ओढायला लागला. कुंदाने बाईंनी शिकवलेला डाव टाकायचा प्रयत्न केला, पण वळायलाच जागा नव्हती. मग ती तशीच मागे, त्याच्या अंगावर गेली. तो हातगाडीवर आपटला, त्याचा दात पडला. कुंदा पळाली ती थेट बाईंच्या घरी.

"बाई, फेक जमलीच नाही," ती रडत म्हणाली.

"घरी आली ना? मंग जमली. पाणी पी."

दात पडलेला इसम निघाला शाळेच्या समितीतल्या एकाचा भाचा. बैठकीत एक सभासद म्हणाले, ही विद्या थोतांड आहे, पोरीला साधा डाव टाकता आला नाही. दुसरे म्हणाले, भलती घातक आहे, माणसाचा दात पडला. दोघांनी सही मात्र एकाच ठरावावर केली! वेणी का धरलीस, हे त्या भाच्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. वर्ग बंद झाला, हॉलला कुलूप लागलं.

बाई खाप्याला माहेरी निघाल्या. एसटीच्या खिडकीतून हात काढून त्यांनी माझं मनगट धरलं. "सोडव." मी हात तसाच राहू दिला.

"हेबी खोटं पडणंच हाय," त्या म्हणाल्या. तेव्हा मी सोडवला.

ते कुलूप अजून तिथेच आहे. म्हणून तुम्हाला सांगते, आई असा वा बाप, आज घरी गेल्यावर आपल्या मुलीची वेणी धरा. गुंड धरतो तशी. ती सुटली नाही, तर उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या फाटकावर या आणि आम्हा जुन्या विद्यार्थिनींबरोबर दोन गोष्टी मागा, मेश्रामबाईंचा वर्ग आणि हॉलची किल्ली. फक्त आज घरी एक करू नका. दया येऊन वेणी सोडू नका.